पांढऱ्या साडीतली बाई शोध घेऊ लागते तेव्हा



आज आपण हप्ते, व्याज आणि मुद्रांक शुल्क थोडं बाजूला ठेवू. आज बोलू सिनेमावर, आणि तेही रहस्यपटांवर. आमच्या गटांमध्ये फिरताना एक गोष्ट आम्हाला नेहमी दिसते. बैठक संपली, चहा आला, की कोणीतरी काल टीव्हीवर पाहिलेल्या सिनेमाचा विषय काढतं. रडक्या सिनेमाबद्दल दोन मिनिटं बोलणं होतं. खून कोणी केला, चोर कोण, दिवाणखान्यातली ती सावली कोणाची, असा सिनेमा असला की मग चहा निवतो, तरी बोलणं थांबत नाही. "मला पहिल्यापासून त्या मुनिमाचाच संशय होता," असं सांगणारी एक तरी ताई प्रत्येक गटात असतेच.

मग आम्ही ठरवलं, की या सिनेमांचा इतिहास एकदा नीट सांगायचा. कोणते बघण्यासारखे आहेत तेही सांगायचं. पण एक नियम पाळू. शेवट सांगायचा नाही. रहस्यपटाचा शेवट सांगणं म्हणजे दुसरीच्या ताटातला पहिला घास आपण खाण्यासारखं आहे.

हा इतिहास बघताना आम्ही एकच धागा धरला आहे. या सिनेमांत बाई कुठे उभी असते? तिच्यावर संशय घेतला जातो, की ती स्वतः शोध घेते?

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे रहस्याची गोडी सिनेमाच्याही आधी पुस्तकांनी लावली. बाबुराव अर्नाळकरांनी मराठीत हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही त्यांची पात्रं घराघरांत माहीत होती. छोट्या आकाराची, स्वस्त पुस्तकं वाचनालयात रांग लावून वाचली जायची. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाता जाता त्यांची पानं सुटायची. मात्र या गोष्टींत धाडस करणारा बहुतेक पुरुषच असायचा. बाई असली तर संकटात सापडलेली, नाहीतर जाळ्यात ओढणारी.

सिनेमातही तेच झालं. १९४९ साली 'महल' आला. बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, दिग्दर्शक कमाल अमरोही, पडद्यावर अशोककुमार आणि मधुबाला. जुनी पडकी हवेली, मध्यरात्र, झोपाळा आणि कुठूनतरी येणारा गाण्याचा आवाज. तो आवाज तेव्हा विशीत असलेल्या लता मंगेशकरांचा होता. गाणं देशभर गाजलं, पण सुरुवातीच्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव 'कामिनी' असं छापलेलं होतं. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! ही गाणारी आहे तरी कोण, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली, तेव्हा लताबाईंचं खरं नाव लोकांपर्यंत पोहोचलं. म्हणजे बघा, रहस्यपटातलं एक खरंखुरं रहस्य रेडिओच्या श्रोत्यांनी सोडवलं. आपणही रेडिओवरच बोलतो आहोत, म्हणून ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

'महल'नं एक साचा तयार केला. जुना वाडा, रात्र, धुकं, गाणं आणि पांढऱ्या कपड्यातली बाई. नायक त्या आवाजामागे जातो आणि प्रेक्षकही जातात. ती बाई कोण हेच रहस्य. तिला काय हवंय, ती तिथे का आली, हे विचारायला कोणी लवकर तयार होत नाही.

१९५६ साली 'सीआयडी' आला. गुरुदत्त निर्माते आणि राज खोसला दिग्दर्शक. इथे वाडा नाही, मुंबई शहर आहे. एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा खून होतो आणि देव आनंद तपास करतो. वहिदा रहमान यांचा हा पहिला हिंदी सिनेमा. त्यांच्या पात्राचं नावही कामिनीच! ही कामिनी खलनायकाच्या माणसांत वावरणारी, पण मनानं वाईट नसलेली बाई आहे. आजही बघताना कंटाळा येत नाही, कारण सिनेमा पळतो.

१९६० च्या 'कानून'चं नाव इथे घ्यायलाच हवं. बी. आर. चोप्रांनी त्या काळात एकही गाणं न घालता हा सिनेमा केला. डोळ्यांनी पाहिलेली साक्ष तरी खरी मानायची का, हा त्यातला प्रश्न आहे. गावात "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं" असं म्हणत किती जणींची बदनामी होते, ते आपल्याला माहीत आहे. म्हणून हा सिनेमा जुना असला तरी बघाच.

त्यानंतरची काही वर्षं ही रहस्यपटांची सुगीच होती. १९६२ साली 'बीस साल बाद' आला. निर्माता आणि संगीतकार हेमंतकुमार, दिग्दर्शक बीरेन नाग. ठाकुराच्या घराण्यातल्या एकानं गावातल्या मुलीवर अत्याचार केला, तिनं जीव दिला, आणि आता तिचा आत्मा त्या घराण्यातल्या पुरुषांना मारतो, अशी गावात बोलवा असते. सिनेमा भीतीचा म्हणून चालला. पण नीट बघितलं तर मुळाशी एका गरीब मुलीला न मिळालेला न्याय आहे. जिवंतपणी तिचं कोणी ऐकलं नाही, मेल्यावर सगळं गाव तिला घाबरतं.

१९६४ चा 'वह कौन थी?' पुन्हा राज खोसलांचा. पावसाची रात्र, डॉक्टरची गाडी, रस्त्यात उभी असलेली पांढऱ्या साडीतली बाई. ती गाडीत बसते आणि स्मशानापाशी उतरते. साधना आणि मनोजकुमार यांचा हा सिनेमा तंबूत बघितलेल्या आमच्या गटातल्या एक आजी सांगतात, "जत्रेत तंबूटॉकीज यायचं. बाया एका अंगाला, गडी दुसऱ्या अंगाला. तो पिक्चर बघून परत येताना आम्ही आठ जणी एकमेकींचा पदर धरून चाललो होतो."

आता हे सगळे सिनेमे एकापाठोपाठ बघितले की एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक सिनेमांत भूत शेवटपर्यंत भूत राहत नाही. कोणत्या सिनेमात काय निघतं ते आम्ही सांगणार नाही. पण भुताच्या मागे माणसाचा हात असू शकतो, आणि त्या हाताला काहीतरी हवं असतं. कधी मालमत्ता, कधी सूड, कधी जुनं पाप झाकायचं असतं. चांगला रहस्यपट बघणारीला एक प्रश्न विचारायची सवय लागते: यात फायदा कोणाचा?

मैत्रिणींनो, ही सवय फक्त पडद्यापुरती नको. एखाद्या एकट्या, विधवा बाईला चेटकीण किंवा डाकीण ठरवलं जातं, तेव्हा हाच प्रश्न विचारून बघा. तिच्या नावावर शेत आहे का? तिचं घर कोणाला हवं आहे? महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणावर करणी केल्याचा, चेटूक केल्याचा आळ घेऊन तिला छळणं हा गुन्हा आहे. पांढऱ्या साडीतल्या बाईला घाबरून पळायचं, की तिला थांबवून विचारायचं, "बाई, तुला इथे कोणी आणलं?" हा फरक आहे.

आता आपल्या मराठीकडे येऊ, कारण या इतिहासात मराठीचा वाटा मोठा आहे. १९६४ साली राजा परांजपे यांनी 'पाठलाग' काढला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला होता. काशिनाथ घाणेकर आणि भावना त्यात होते. दोन वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' केला, सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन. 'मेरा साया' पुष्कळ जणींनी बघितला असेल, पण त्याचं मूळ मराठी आहे हे थोड्याच जणींना माहीत असतं.

'मेरा साया'ची सुरुवात सांगायला हरकत नाही. एका वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत वारते. तो दुःखात असतानाच पोलीस एका बाईला पकडतात. ती दरोडेखोरांच्या टोळीतली आहे असा आरोप. तिचा चेहरा हुबेहूब त्याच्या बायकोसारखा. ती म्हणते, मीच तुमची बायको. कोर्टात खटला उभा राहतो. समोर तोच वकील, आणि पिंजऱ्यात ती. ती त्यांच्या संसारातल्या अशा गोष्टी सांगते ज्या दोघांनाच माहीत असाव्यात. तरी तो विश्वास ठेवत नाही.

हा सिनेमा आम्ही ग्रामसंघाच्या खोलीत एकदा लावला होता. पिंजऱ्यातला प्रसंग चालू असताना मागून एक ताई म्हणाल्या, "आमचंबी असंच हाय की! मीच मी हाय, हे सांगून सांगून थकले." सगळ्या हसल्या, पण ते हसणं लवकर थांबलं. त्या ताईंचं माहेरचं नाव एक, सासरी ठेवलेलं नाव दुसरं. आधार कार्डावर एक, पासबुकावर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. नवरा वारल्यावर वारस म्हणून नाव लावायला त्या वर्षभर हेलपाटे घालत होत्या. गावातलं शेंबडं पोरही त्यांना ओळखतं, पण कागद ओळखत नव्हता.

त्या दिवशी सिनेमा झाल्यावर आम्ही वही काढली आणि प्रत्येकीच्या नावाचे कागद तपासले. किती जणींची नावं जुळत नव्हती ते बघून आम्हीच गप्प झालो. विवाह नोंदणीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गरज पडली तर राजपत्रात नाव बदलाची नोंद, हे सगळं वेळेवर करून ठेवा. कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहून "मी तीच" म्हणायची वेळ कोणावर येऊ नये.

मराठीतला दुसरा सिनेमा म्हणजे १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा'. दिग्दर्शक वसंत जोगळेकर, भूमिका आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांच्या. भुताच्या भीतीनं खचलेली एक तरुणी आणि तिला बरं करायला आलेला डॉक्टर. गाणी सगळ्यांना पाठ आहेत, पण गाण्यांच्या पलीकडे बघा. घाबरलेल्या मुलीला मांत्रिकाकडे न्यायचं की डॉक्टरकडे, हा प्रश्न त्या सिनेमानं आपल्या मायबोलीत विचारला.

आता शोध घेणाऱ्या बाईकडे वळू. १९६६ चा 'तीसरी मंझिल'. नासिर हुसेन निर्माते, विजय आनंद दिग्दर्शक, आर. डी. बर्मन यांचं संगीत. मसुरीच्या एका हॉटेलात तिसऱ्या मजल्यावरून पडून एक मुलगी मरते. तिची धाकटी बहीण, म्हणजे आशा पारेख, घरी रडत बसत नाही. मैत्रिणींना बरोबर घेऊन ती मसुरीला जाते, बहिणीच्या मरणाला जबाबदार कोण ते शोधायला. सुरुवात तिनं केली. पुढे मात्र सिनेमा शोधाचं काम हळूच नायकाच्या हाती देतो आणि ती गाण्यांमध्ये गुंतते. त्या काळी तेवढंच चालायचं. तरी पहिलं पाऊल तिचं होतं हे विसरू नका.

१९६९ साली यश चोप्रांनी 'इत्तेफाक' केला. तोही बिनगाण्याचा. एका गुजराती नाटकावरून घेतलेली गोष्ट, एक रात्र, एक घर. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला माणूस पळून एका एकट्या बाईच्या घरात शिरतो. राजेश खन्ना आणि नंदा. आवाज बारीक करून बघण्याचा सिनेमा नाही हा, शेजारणींना बोलावून बघा. आणि १९७३ चा 'धुंद', बी. आर. चोप्रांचा. यातला नवरा बायकोला छळणारा, क्रूर माणूस. त्याचं प्रेत घरात सापडतं आणि पहिला संशय अर्थातच बायकोवर. ती त्याच्यासोबत कशी जगत होती हे लोकांना त्याच्या मरणानंतर कळतं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे आला २००५ साली. या सिनेमातल्या बाईला त्यासाठी बत्तीस वर्षं थांबावं लागलं असतं.

'धुंद' मूळ ज्या नाटकावर आधारलेला आहे ते लिहिलं होतं इंग्लंडच्या अ‍ॅगाथा ख्रिस्ती या बाईंनी. १९६५ चा 'गुमनाम', राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला, त्याचं मूळही त्यांच्याच १९३९ सालच्या कादंबरीत आहे. म्हणजे आपण घाबरत बघितलेल्या कितीतरी गोष्टींच्या मागे एका बाईचं डोकं होतं. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषध विभागात काम करत होत्या. तिथे त्यांना औषधांची आणि विषांची माहिती झाली, ती त्यांनी गोष्टींत वापरली.

त्यांचं एक पात्र आपल्याला फार जवळचं वाटेल. मिस मार्पल नावाची म्हातारी. खेड्यात राहणारी, लोकर विणत बसणारी. पोलिसांना जे सुटत नाही ते ती सोडवते. कसं? तर आपल्या गावातली माणसं तिनं आयुष्यभर बघितलेली असतात. कोण खोटं बोलताना कसं हसतं, कोणाच्या घरी अचानक पैसा आला, कोणती मोलकरीण काल होती आणि आज नाही, हे तिला दिसतं. लोक ज्याला बायकांच्या चौकशा म्हणून नावं ठेवतात, तेच तिचं हत्यार. २००३ साली ऋतुपर्ण घोष यांनी तिच्यावरून बंगाली सिनेमा केला, 'शुभ मुहूर्त'. राखी यांनी त्यात घरातच बसून खुनाचा उलगडा करणारी आत्या रंगवली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोवर आपल्या पडद्यावर अशी घरगुती बाई शोध घेताना क्वचितच दिसली होती.

मराठीत त्याच्या थोडं आधी, १९९९ साली, चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'बिनधास्त' केला. कॉलेजातल्या दोन जिवलग मैत्रिणी आणि एक खून. गंमत म्हणजे पडद्यावर जवळजवळ सगळ्या बायकाच. संशयित बाई, तपास करणारी बाई, मैत्रीण बाई. पुढच्याच वर्षी प्रियदर्शन यांनी त्यावरून तमिळ सिनेमा केला. मराठी गोष्ट पुन्हा एकदा दुसऱ्या भाषेत गेली.

आणि मग आला २०१२ चा 'कहानी'. सुजॉय घोष दिग्दर्शक, विद्या बालन नायिका. महिला दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, ९ मार्चला तो प्रदर्शित झाला. पोटुशी बाई एकटी कोलकात्यात उतरते आणि हरवलेल्या नवऱ्याला शोधू लागते. ज्याला विचारावं तो म्हणतो, असा माणूस इथे आलाच नाही. तुम्ही या सिनेमात एक गोष्ट मुद्दाम बघा. ती रडून काम करून घेत नाही. ती राहण्याच्या ठिकाणची नोंदवही मागते, कार्यालयातली माहिती मागते, नाव, तारीख आणि जागा विचारते. तोंडी उत्तरावर ती समाधान मानत नाही. या सिनेमाच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाईनं नोंद मागितली की भल्याभल्यांची कशी धांदल उडते ते त्यात दिसतं. २०१४ साली विद्या बालन यांचाच 'बॉबी जासूस' आला. हैदराबादच्या जुन्या वस्तीतली मुलगी, गुप्तहेर व्हायचं म्हणते आणि घरात वडिलांचा विरोध. सिनेमा थोडा सैल आहे, पण मुलींबरोबर बघायला छान.

शेवटी 'दृश्यम'. मूळ २०१३ चा मल्याळम सिनेमा, जीतू जोसेफ यांचा. हिंदीत २०१५ साली निशिकांत कामत या आपल्या मराठी दिग्दर्शकानं केला. गोष्ट गोव्यात घडते. एका मुलीचं मोबाईलवर चोरून चित्रण होतं आणि त्यातून घरावर संकट येतं. एका बाजूला मुलीला वाचवणारी आई, दुसऱ्या बाजूला हरवलेल्या मुलाला शोधणारी, पोलीस अधिकारी असलेली आई. तब्बूनं ही दुसरी आई अशी उभी केली आहे की आपण कोणाच्या बाजूनं रडावं ते कळत नाही.

हा सिनेमा मुलींसोबत बघा, पण एक बोलणं नंतर नक्की करा. त्या घरानं जे लपवलं ते सिनेमा आहे म्हणून पचलं. आपल्या मुलीला कोणी फोटोवरून, व्हिडिओवरून धमकावलं तर तिनं घरी सांगितलं पाहिजे, आणि आपण तिला रागावायचं नाही. ११२ वर पोलीस आहेत, १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे. सगळ्यात आधी मुलीला हे कळू दे, की आई माझ्या बाजूची आहे.

तर मैत्रिणींनो, 'महल'पासून 'कहानी'पर्यंत तेसष्ट वर्षं झाली. पहिल्या टोकाला पुरुष विचारतो, ही बाई कोण? दुसऱ्या टोकाला बाई विचारते, तुमची नोंदवही कुठे आहे? हा बदल एका सिनेमानं झाला नाही. मधे 'पाठलाग'मधली बाई स्वतःची ओळख सांगत उभी राहिली, 'तीसरी मंझिल'मधली बहीण गाडीत बसून निघाली, आणि एका म्हातारीनं घरात बसून खुनी ओळखला.

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र आहे नियमित लेखे. कुणाला ते कंटाळवाणं काम वाटतं. पण पैसे कमी पडले, सही जुळली नाही, कर्ज कोणाच्या नावावर गेलं असा प्रश्न आला, तर त्या वहीतूनच उत्तर निघतं. म्हणून वही एकीनं लिहिली तरी सगळ्यांनी वाचावी. वाचता येत नसेल तिनं मोठ्यानं वाचून घ्यावी. आणि काही खटकलं तर विचारावं. विचारणं म्हणजे संशय घेणं नाही, हे अध्यक्ष आणि सचिव ताईंनीही मनाला लावून घेऊ नये.

पुढच्या महिन्यात जमलं तर ग्रामसंघाच्या खोलीत 'कहानी' किंवा 'पाठलाग' लावा. मध्यावर थांबवा आणि प्रत्येकीला विचारा: तुझा संशय कोणावर, आणि का? "का" हे नक्की विचारा. नुसतं "मला वाटतं" चालणार नाही, काय दिसलं ते सांगायचं. ज्या ताईचं उत्तर बरोबर निघेल तिला पहिला चहा.

आणि घरी जाऊन सासूबाईंना शेवट सांगू नका. त्यांनाही बघू द्या.